जुन्या गाडीत स्वच्छ इंजिन बसवण्याचा कायदेशीर रस्ता उघडा : एक खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई,
आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या तांत्रिक स्थायी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : जुन्या वाहनात अधिक स्वच्छ व सुरक्षित इंजिन बसवण्यासाठी तपासणी आणि मान्यतेची कार्यपद्धती ठरवण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या घरामागच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मार्च १९८६ मध्ये वडिलांनी ती घेतली. ते पशुवैद्यकीय अधिकारी होते आणि तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर गाय अडल्याचा निरोप आला की रात्री-अपरात्री याच गाडीने निघत. डिकीत दोर, रबरी बूट आणि स्पिरिटची बाटली कायम असे. त्या वासाची आठवण आजही मागचे दार उघडले की येते. वडील गेल्यावर गाडी माझ्या नावावर झाली. ती मी शोभेसाठी ठेवलेली नाही. आठवड्यातून दोन-तीनदा चालवतो आणि पुढेही चालवावी अशी माझी इच्छा आहे.

त्याच शेडच्या कोपऱ्यात, लाकडी पाटावर, गोणपाटाखाली झाकलेले एक इंजिन गेले चौदा महिने पडून आहे. ते मारुती ईकोचे १,१९६ सीसीचे, भारत स्टेज-४ या प्रदूषण मानकाचे पेट्रोल इंजिन आहे. अपघातात निकामी झालेल्या गाडीतून, रीतसर पावती आणि त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचे कागद घेऊन, मी ते विकत आणले. पद्मिनीत ते बसवण्याची सगळी तयारी झाली आहे, पण बसवता येत नाही. कारण बसवले तर मी गुन्हेगार ठरतो आणि बसवण्यापूर्वी परवानगी मागावी तर ती देण्याची पद्धतच अस्तित्वात नाही. हे पत्र त्यासाठी आहे. ते खुले ठेवले आहे, कारण कॉन्टेसा, अ‍ॅम्बेसेडर, जिप्सी आणि जुन्या जीप बाळगणारे माझ्यासारखे अनेक जण याच दारापाशी येऊन थांबलेले आहेत.

आधी इंजिन बदलायची वेळ का आली ते सांगतो. मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे आणि माझे पोट मशीन शॉपवर चालते, तेव्हा हौसेपोटी कुणाच्या सांगण्यावरून हे डोक्यात घेतले असे नाही. पद्मिनीचे मूळ १,०८९ सीसीचे इंजिन आतापर्यंत दोनदा रीबोअर झाले आहे (म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून मोठे केले आहेत), आधी चाळीसच्या आणि मग साठच्या ओव्हरसाइज पिस्टनवर. गेल्या वर्षी आमच्या मिस्त्रींनी हेड उतरवले, तेव्हा सिलिंडरच्या वरच्या काठावर नख फिरवले तर पायरी लागत होती. क्रँकही घासून घासून शेवटच्या साइजला आला आहे. पुढचा उपाय म्हणजे सिलिंडरात स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकून पुन्हा मूळ मापावर येणे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते काम उत्तम होते, पण त्यात घालायला चांगले पिस्टन आणि रिंगा कुठून आणायच्या? मुंबईत ऑपेरा हाउसच्या गल्ल्या आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड मी पालथा घातला. जुन्या साठ्यातला माल संपत आला आहे, आणि नव्या डबीत जे मिळते त्यातल्या रिंगा पाच हजार किलोमीटरही न टिकता गाडी पुन्हा ऑइल खाऊ लागते, हा माझा दोन वेळचा अनुभव आहे.

ईकोचे इंजिन निवडण्यामागे विचार होता. ते पद्मिनीच्या इंजिनासारखेच गाडीच्या लांबीत बसते आणि मागची चाके फिरवते, त्यामुळे गिअर बॉक्ससह ते पद्मिनीच्या तळातल्या, गिअर बॉक्ससाठीच्या बोगद्यात सामावते. क्षमता जेमतेम १०७ सीसीने वाढते. शक्ती सुमारे ४० अश्वशक्तीवरून सुमारे ७३ वर जाते हे खरे, पण ज्या गाडीत हे इंजिन कारखान्यातून येते तिचे वजनही पद्मिनीच्या आसपास, सुमारे ९०० किलोच आहे. फाउंडेशनचे ब्रॅकेट मूळ भोकांनाच बोल्टने बसतील असे मी आखले. सांगाड्याला कुठेही कटर लावायचा नाही हा माझा पहिला नियम होता. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ शोषणारा डबा, मूळ ईसीएम (इंजिनाचा संगणक) आणि वायरिंग, सगळे त्याच गाडीचे जसेच्या तसे घेतले. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुढे डिस्क ब्रेक आणि व्हॅक्यूम बूस्टर बसवल्याशिवाय नवे इंजिन चालू करायचे नाही, हे मिस्त्री आणि मी दोघांनी मिळून ठरवले होते.

ही सगळी आखणी, नकाशे, छायाचित्रे, पावत्या आणि विमा असलेली फाइल घेऊन मी आमच्या भागातल्या परिवहन कार्यालयात गेलो. पहिल्या खेपेस अधिकाऱ्यांनी फाइल आपुलकीने पाहिली आणि संगणकात असा पर्याय नाही असे सांगितले. दुसऱ्या खेपेस मी लेखी नकार मागितला, म्हणजे निदान अपील करता आले असते. तो मिळाला नाही. तिसऱ्या खेपेस फाटकाबाहेरच्या एका एजंटाने मला बाजूला घेतले आणि इतका त्रास कशाला घेता, जुन्या ब्लॉकवरचा नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो, आरसी बुकाला हातही लावावा लागणार नाही, असे सांगितले. मी नको म्हटले. पण त्या दिवशी घरी परतताना माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती की, जो माणूस सगळे उघड करून दाखवतो त्याला रस्ता नाही आणि जो लपवतो त्याचे काम दुपारपर्यंत होते. पुढे एका मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडेही विचारणा केली. त्यांचे उत्तर असे की, त्यांच्या चाचण्या वाहन उत्पादकांसाठी आणि किट बनवणाऱ्यांसाठी आहेत. एका मालकाच्या एका गाडीसाठी तशी प्रक्रिया नाही.

आता माझी गाऱ्हाणी मांडतो.

पहिले गाऱ्हाणे हे की, कायद्यात दार आहे आणि नियमांनी ते बंद ठेवले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवले, आणि मूळ उत्पादकाच्या विनिर्देशांशी विसंगत बदल चालणार नाहीत असे स्पष्ट केले. न्यायालयाने कायदा जसा होता तसा वाचला. त्याविषयी माझे काहीही म्हणणे नाही. परंतु त्यानंतर सातच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, संसदेने याच कलमात नवे परंतुक (पुरवणी तरतूद) घातले आणि वाहनांतील बदलांसाठी विनिर्देश, मान्यतेच्या अटी व संबंधित बाबी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्याच दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींना आपले वाहन सोयीनुसार बदलून घेऊन नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता मिळवण्याची मुभा दिली, आणि ती योग्यच झाली. म्हणजे माणसावर विश्वास ठेवायचा आणि त्याचे काम तपासायचे, हे तत्त्व या कलमात आधीच आले आहे. जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जागी नवे पेट्रोल इंजिन बसवण्यासाठी हा अधिकार आपण आजवर वापरलेला नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण तो इतर बदलांसाठी वापरता, हेही मला ठाऊक आहे. पेट्रोलच्या गाडीला सीएनजी किट बसवता येते. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने साडेतीन टनांखालील भारत स्टेज-६ वाहनांतील डिझेल इंजिन काढून त्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्याचीही सोय केली. गाडी पूर्णपणे विजेवर चालवण्यासाठी एआयएस-१२३ हे मानक आहे, आणि त्यात तर इंजिनच नव्हे, टाकी, सायलेन्सर, रेडिएटर, सगळेच उतरवून शेकडो किलोची बॅटरी चढवली जाते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या, त्यापूर्वी त्यांनी डिकीत सीएनजीची टाकी घेऊन वर्षानुवर्षे प्रवासी वाहिले. त्याच पद्मिनीत, मूळच्याच पेट्रोलवर चालणारे, अधिक स्वच्छ इंजिन बसवणे मात्र निषिद्ध, या भेदामागचे तांत्रिक कारण मला कोणत्याही कागदात सापडलेले नाही.

दुसरे गाऱ्हाणे प्रदूषणाचे आहे, आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत गंभीर आहे. मी हे लिहितो आहे तेव्हा टेबलावर दोन पीयूसी प्रमाणपत्रे शेजारी शेजारी ठेवली आहेत, एक पद्मिनीचे आणि एक घरातल्या दुसऱ्या, भारत स्टेज-४ गाडीचे. पद्मिनीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडची कमाल मर्यादा ३ टक्के छापली आहे आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम. दुसऱ्या कागदावर याच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहेत. पद्मिनीचा आकडा २.४ आला आणि ती उत्तीर्ण झाली. म्हणजे दुसऱ्या कागदावरील मर्यादेच्या आठपट कार्बन मोनॉक्साइड सोडणारे माझे थकलेले इंजिन कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली पडलेले इंजिन, जे या दुसऱ्या कागदाची कसोटी सहज पार करेल, ते गाडीत बसवले की सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड. कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमाचा हा परिणाम आहे. शेजारच्या मुलांच्या फुप्फुसांचा विचार करून जो माणूस स्वतःच्या खिशातून पैसे घालायला तयार आहे, त्याला हा कायदा थांबवतो, आणि धूर सोडत राहणाऱ्याला पुढच्या पाच वर्षांचे नूतनीकरण देतो. हे मला शांतपणे सोसवत नाही.

मूळ उत्पादकाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. कायदा ज्याच्या विनिर्देशांकडे बोट दाखवतो, तो पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना दोन दशकांपूर्वीच गाड्या बनवायचा थांबला. अ‍ॅम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. त्याच प्रकारचे नवे इंजिन आणावे म्हटले तर ते देणारा कुणी उरलेला नाही, आणि सुधारित विनिर्देशांना संमती द्यायलाही कुणी उरलेला नाही. शिवाय या कारखान्यांनी स्वतः काय केले ते आठवून पाहावे. कॉन्टेसा १९८४ साली आली ती १,४८९ सीसीच्या जुन्या ब्रिटिश धाटणीच्या इंजिनावर, सुमारे ५० अश्वशक्तीची. पुढे त्याच सांगाड्यात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन बसले आणि गाडीला तिच्या आकाराला शोभेल असा दम आला. नव्वदीच्या दशकात तेच इसुझू इंजिन अ‍ॅम्बेसेडरमध्येही आले. कुर्ल्याच्या कारखान्याने १९८५ मध्ये आणलेल्या ११८ एनई या मोटारीला फियाटचा सांगाडा होता आणि इंजिन निस्सानचे, १,१७१ सीसीचे. भारतातल्या या सगळ्या गाड्यांचा इतिहास म्हणजे एका सांगाड्यात दुसऱ्याचे इंजिन बसवण्याचाच इतिहास आहे. तेव्हा तो कारखान्यांनी केला आणि सरकारने तपासून मान्य केला. आज कारखाने राहिले नाहीत, म्हणून तपासून मान्य करण्याचे कामच बंद व्हावे का?

इथेनॉलविषयी लिहिताना मला जपून लिहायला हवे, कारण मी ऊस पिकवणाऱ्या भागातला आहे, आमचा ऊस कारखान्याला जातो आणि पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणाला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण २०२५ पर्यंत हे मिश्रण सर्वदूर पोचले, आणि कार्बोरेटरच्या गाड्यांचे काय करायचे हे कुणीच सांगितले नाही. इथेनॉलच्या अंगातच प्राणवायू असतो, त्यामुळे ठरावीक जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राच्या) कार्बोरेटरमध्ये मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. इथेनॉल ओलावा धरते, त्याने टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो. माझ्या गाडीचा पडदा गेल्या पावसाळ्यात असाच चुरगळून निघाला, बोटांनी दाबला तर ओल्या कागदासारखा तुटत होता. इंजेक्शनचे इंजिन ऑक्सिजन सेन्सरच्या इशाऱ्यावर मिश्रण आपोआप सुधारून घेते. कार्बोरेटरला ते येत नाही. इंधन बदलण्याचा निर्णय सरकारचा आहे. मग त्या इंधनाला पचेल असे इंजिन बसवण्याची मुभा मालकाला द्यायला हवी.

शुल्काचे सांगायचे तर, १५ वर्षांपुढील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढील मोटारींसाठी ते १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीने अधिक पैसे भरावेत हे मी मान्य करतो. फक्त, प्रदूषणाच्या नावाने पैसे घेतले जात असताना प्रदूषण कमी करण्याचा मार्गही खुला असावा, इतकी अपेक्षा चुकीची नाही. आणि विंटेज वाहनांचा नियम आमच्या उपयोगाचा नाही. जुलै २०२१ च्या त्या अधिसूचनेप्रमाणे गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, तिच्या इंजिनात वा सांगाड्यात फेरफार झालेला नको, आणि ती रोजच्या वापरासाठी चालवायची नाही. अस्सल रूपात जपलेल्या मौल्यवान गाड्यांसाठी तो नियम उत्तम आहे. माझी गाडी त्या वयाला २०३६ मध्ये पोचेल. वीस ते पन्नास या तीस वर्षांतल्या गाड्यांना आपल्या नियमांत जागाच नाही. त्यांनी एक तर धूर सोडत राहावे, नाही तर मोडीत निघावे.

आपल्या बाजूच्या शंका काय असतील याची मला कल्पना आहे आणि त्यांतल्या बहुतेक रास्त आहेत. सायलेन्सर फोडून रात्री गल्लीबोळांतून आवाज करत फिरणारे, ब्रेक जुनेच ठेवून टर्बो लावणारे, सांगाडा कापून जीपची लांबी वाढवणारे लोक मी रोज पाहतो. त्यांच्यातल्या काहींना मी माझ्या शॉपमधून परत पाठवले आहे. दुप्पट शक्तीचे इंजिन आणि मूळचे ड्रम ब्रेक ही जोडी घाटात उतरताना किती घातक ठरते, हे खंबाटकी घाटात एकदा तरी ब्रेकचा वास घेतलेला माणूस विसरणार नाही. चोरीच्या गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत लपवले जाण्याचा धोकाही खरा आहे. पण यांतल्या प्रत्येक शंकेचे उत्तर तपासणीत आहे. आजच्या बंदीने यांपैकी काहीच थांबलेले नाही. उलट, नोंद न होता बसलेली शेकडो इंजिने रस्त्यावर आहेत. त्यांचे ब्रेक कुणी पाहिलेले नाहीत, त्यांचे नंबर कुणी पडताळलेले नाहीत, आणि उद्या अपघात झाला तर नोंदीत नसलेल्या बदलाचे कारण दाखवून विमा कंपनी भरपाई नाकारू शकेल. त्या वेळी ज्याला धडक बसली त्याचे कुटुंब कुठे जाईल, याचाही विचार व्हावा.

इतर देशांनी हा प्रश्न सोडवलेला आहे आणि त्यांच्या पद्धती आपल्याला परक्या वाटाव्यात अशा नाहीत. कॅलिफोर्नियात, जिथले धुराचे नियम जगात कडक समजले जातात, तिथे इंजिन बदलता येते. अट अशी की नवे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्याहून अलीकडचे हवे, त्याच्यासोबतची प्रदूषण नियंत्रणाची सगळी उपकरणे बसवलेली हवीत, आणि सरकारने नेमलेल्या तपासनिसाने गाडी प्रत्यक्ष पाहून शिक्का द्यायला हवा. ऑस्ट्रेलियात गाडीच्या वजनाच्या प्रमाणात इंजिनाची क्षमता किती असावी याची मर्यादा घातली आहे आणि मान्यताप्राप्त अभियंता आपल्या सहीने प्रमाणपत्र देतो. ब्रिटनमध्ये बदललेल्या गाडीची ओळख टिकली की नाही हे ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे जी गुणपद्धत वापरली गेली, तिच्यात मूळ सांगाड्याला पाच गुण होते आणि इंजिनाला केवळ एक. गाडीचे गाडीपण सांगाड्यात असते, इंजिनात नव्हे, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

१. कलम ५२ च्या २०१९ च्या परंतुकाखाली, २० वर्षांपेक्षा जुन्या खासगी मोटारींत त्याच इंधनाचे, पण अलीकडच्या मानकाचे इंजिन बसवण्यासाठी स्वतंत्र नियम करावा. बसवायचे इंजिन किमान भारत स्टेज-४ चे असावे, आणि त्याच्या मूळ गाडीतील कन्व्हर्टर, सेन्सर व ईसीएम त्याच्यासोबत बसवणे सक्तीचे असावे.

२. क्षमता व शक्तीवाढीला गाडीच्या वजनाच्या प्रमाणात मर्यादा घालावी. एका ठरावीक प्रमाणापुढे शक्ती वाढत असेल, तर पुढचे डिस्क ब्रेक, योग्य टायर आणि ब्रेकची यंत्रावरील चाचणी अनिवार्य करावी. सांगाडा कापणे किंवा लांबी-रुंदी बदलणे यांना मनाई कायम ठेवावी. तिला माझा विरोध नाही.

३. एका मालकाच्या एका गाडीची तपासणी होऊ शकेल अशी सोय मान्यताप्राप्त संस्थांत करावी. पुण्यातील एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई, अशा वाहन चाचणीच्या देशातल्या तीन मोठ्या संस्था आपल्याच राज्यात आहेत. महिन्यातला एखादा दिवस जरी यासाठी राखून ठेवला तरी सुरुवात होईल. शुल्क मालकाकडून घ्यावे, पण ते गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असू नये.

४. इंजिनाच्या मालकीचा माग राहावा म्हणून, नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांना चांगल्या स्थितीतील इंजिने प्रमाणपत्रासह विकण्याची स्पष्ट मुभा द्यावी, आणि त्या इंजिनाचा क्रमांक ‘वाहन’ या सरकारी नोंदणी प्रणालीत जुन्या नोंदीतून नव्या नोंदीत हस्तांतरित व्हावा. चोरीचे इंजिन अशा साखळीत शिरूच शकणार नाही.

५. मान्यता मिळालेल्या गाडीचे पीयूसी नव्या इंजिनाच्या मर्यादेप्रमाणे तपासावे, जुन्या नव्हे. सवलत नको. उलट, ती मर्यादा पार करणाऱ्या गाडीला नूतनीकरणाच्या शुल्कात काही सूट दिली, तर बरेच लोक आपणहून पुढे येतील.

६. परिवहन आयुक्तांना विनंती अशी की, केंद्राचा नियम होईपर्यंत निदान एवढे व्हावे : असा अर्ज घेऊन आलेल्या नागरिकाला कार्यालयाने पोच द्यावी आणि नकार असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

आजवर गुपचूप बसवलेल्या इंजिनांसाठी एक वर्षाची मुदत देऊन, दंड न आकारता तपासणी व नोंद करून घ्यावी, असेही मला वाटते. काही अधिकाऱ्यांना हे पटणार नाही, हे मी जाणतो. पण जोवर भीती आहे तोवर त्या गाड्या समोर येणार नाहीत, आणि समोर आल्याशिवाय त्यांचे ब्रेक कुणी तपासणार नाही.

जुनी गाडी मोडीत काढून नवी घ्यावी, हा सल्ला मला अनेकदा मिळाला आहे आणि ज्यांना तो सोयीचा आहे त्यांनी तो जरूर पाळावा. माझ्या गाडीचा पत्रा शाबूत आहे, सांगाडा सरळ आहे, काचा मूळच्या आहेत. बिघडला आहे तो एकच भाग आणि तो बदलता येण्यासारखा आहे. बैलगाडीचा आख मोडला म्हणून कुणी गाडी जाळत नाही. आमच्या भागात इंजिने खोलणारे, ब्लॉक घासणारे, बुश ओढणारे कारागीर तीन-तीन पिढ्यांचे आहेत. त्यांना नियम, मोजमाप आणि तपासणी दिली, तर ते काम चोख करतील, आणि ते लपूनछपून करावे लागणार नाही.

नियमाची चाचणी म्हणून पहिली गाडी हवी असेल, तर माझी पद्मिनी हजर आहे. इंजिन, नकाशे, पावत्या आणि डिस्क ब्रेकचा सगळा संच तयार आहे. वाहतुकीचा व चाचणीचा खर्च मी करीन, गाडी उत्तीर्ण झाली नाही तर मूळ इंजिन परत बसवून दाखवीन आणि जे त्रुटीपत्र मिळेल ते सर्वांसमोर ठेवीन. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण मार्च २०२६ मध्ये आहे. तोपर्यंत उत्तर मिळाले, तर त्या अर्जात इंजिन क्रमांकाच्या रकान्यात मला खरा क्रमांक लिहिता येईल.

आपला विश्वासू,
एक वाहनमालक व मशीन शॉप चालक,
पश्चिम महाराष्ट्र